आई आणि आबांच्या मधली मी

धुळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. दरवर्षी दिवाळीच्या सुटीआधी व्याकरणातला एक भाग येतो, आणि तो शिकवायच्या दिवशी मी वर्गात जरा उशिराच पोहोचते. भाग तसा साधा आहे. इंग्रजी वाक्यातला 'दॅट' कधी गाळला तरी चालतो आणि कधी चालत नाही, एवढंच. मुलं व्यवहारी असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मॅडम, ठेवला तर मार्क जातात का?' मी नाही म्हणते. 'मग आम्ही ठेवतोच,' असं म्हणून अर्धा वर्ग वही मिटतो. अशा वेळी मला खडू फेकून मारावासा वाटतो, पण आता ते दिवस राहिले नाहीत.

मला हे ज्यांनी शिकवलं ते सर धुळ्यातल्याच कॉलेजातले. त्यांच्या हाताला कायम खडूची भुकटी असायची, कारण त्यांची शिकवण्याची रीतच तशी होती. फळ्यावर वाक्य लिहायचं, 'दॅट'वर तळहात ठेवायचा आणि उरलेलं वाक्य आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. 'दिस इज द बस दॅट आय मिस्ड.' मग हात ठेवून, 'दिस इज द बस आय मिस्ड.' ते विचारायचे, 'उभं राहिलं का?' आम्ही म्हणायचो, राहिलं. मग दुसरं. 'द मॅन दॅट सोल्ड अस द बफेलो इज हिअर.' हात ठेवला की वाक्य लगेच लंगडायचं. पहिल्या वाक्यात बस चुकवणारी 'मी' वेगळी हजर आहे, म्हणून 'दॅट'ला सुटी मिळते. दुसऱ्यात म्हैस विकण्याचं काम 'दॅट'च्याच गळ्यात आहे. त्याला हलवलं तर काम करायला कोणी उरत नाही. आणि 'आय नो दॅट ही इज ॲट होम' यात 'दॅट' नुसता निरोप्या, तोही गाळला तरी बिघडत नाही. आपणही मराठीत 'मला वाटतं तो येईल' म्हणतो, 'की'साठी कुणी अडून बसत नाही. पण वाक्य लांबलचक असेल तर ठेवा, असं सर सांगायचे, वाचणारा माणूस ठेचकाळायला नको.

मी आजही वर्गात तसाच तळहात ठेवते. पण स्वतःचं उदाहरण कधी देत नाही. घरचं सांगितलं की मुलं घरचंच लक्षात ठेवतात आणि नियम विसरतात. म्हणून ते इथे सांगते.

आमचं गाव एरंडोलकडचं, हायवेच्या फाट्यापासून चालत जायचं. घरात आम्ही तीनच माणसं. आबा म्हणजे माझे आजोबा, आई आणि मी. वडील सुरतेला कापडाच्या कारखान्यात. दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला यायचे, बाकी फोनवर. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली. शेतात कापूस, दारात एक म्हैस, आणि तिन्ही माणसं स्वभावाने तिखट. सगळ्यात कमी तिखट म्हैस होती.

आमच्या भावकीत सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण म्हणून नाही, तो मानच समजतात. समोरून जाताना पदर पुढे ओढायचा, खाटेवर बसायचं नाही, आणि काही सांगायचं असेल तर मधे कुणीतरी घ्यायचं. आजी असती तर आजी, नणंद असती तर नणंद. आमच्याकडे कुणीच नव्हतं, म्हणून मला बोलता यायला लागलं त्या दिवसापासून मी. मी नसले तर शेजारचं एखादं मूल. तेही नसलं तर आई म्हशीकडे तोंड करून आबांना ऐकू जाईल असं बोलायची, 'चारा संपना वं माय, आते काय खाशी,' आणि आबा उठून चारा आणायला जायचे. हे सगळं मला इतकं सरळ वाटायचं की इतर घरांतल्या सुना सासऱ्याशी तोंड वर करून बोलतात हे पहिल्यांदा एका मैत्रिणीकडे पाहिलं तेव्हा मलाच लाज वाटली.

निरोप पोहोचवता पोहोचवता मी त्यात हात मारायला शिकले. आई चुलीपुढून म्हणायची, त्यांना म्हणावं पायाकडे बघून चालत जा, सगळा चिखल घरात आणला. मी ओट्यावर जाऊन सांगायची, आबा, पाय धुवायला पाणी ठेवलंय. आबा पहिल्या घासाला म्हणायचे, मिठाची बरणी सांडली काय हिची. मी आत येऊन सांगायची, आबा म्हणतात आज भाजी वेगळीच झाली. आई पदराआड हसायची. बाहेरचं तिला ऐकू येतच होतं की. पण माझ्याकडून आलेलं ते खरं, बाहेरून कानावर पडलेलं ते नुसतं ऐकलेलं. आबांना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांना मात्र मी सांगेन तेवढंच कळायचं. त्या काळात मला फार मोठं असल्यासारखं वाटायचं. आजही त्या ओट्यावरून चुलीपर्यंतच्या खेपा आठवल्या की जीव गलबलतो.

बारावीनंतर मला धुळ्याला कॉलेजात जायचं होतं, इंग्रजी घ्यायचं होतं. खर्चाचा प्रश्न वडिलांनी एका वाक्यात मिटवला. अडलं ते दुसरीकडेच. आबांनी मला विचारलं, 'तू गयी तर हाई घर बोली कसं?' आत आईने भाकरी थापायची थांबवली. मी गेले तर हे घर बोलणार कसं, हेच तिच्याही मनात होतं. शेवटी वडिलांनी सुरतेहून तोड काढली. एक वर्ष जाऊन बघ. घर चाललं तर पुढे शीक, नाही चाललं तर आखाजीला परत ये आणि घरी बसून बाहेरून परीक्षा दे. म्हणजे माझं शिक्षण माझ्या मार्कांवर नव्हतं. ते आई आणि आबा माझ्याशिवाय दिवस कसा काढतात यावर होतं.

वडिलांनी घरात दोन मोबाइल दिले, एक आईला, एक आबांना. मला तिसरा. एकाच कंपनीची कार्डं, आपसात बोलायला पैसे पडत नव्हते. घर कसं चालवायचं ते मग त्या दोघांनी बरोबर शोधून काढलं. आई स्वयंपाकघरातून धुळ्याला मला फोन करायची. 'आबास्ले सांग, जेवाले चला, दही बी शे.' मी फोन ठेवून आबांना लावायची. आबा तिथेच, चुलीपासून हाकेच्या अंतरावर, ओट्यावर बसलेले. त्यांच्या फोनचा आवाज सगळ्यात मोठा केलेला, त्यामुळे माझं बोलणं आत आईलाही ऐकू जायचं. 'सांग तिले, येस,' असं आबा म्हणायचे. मी परत आईला लावायची. ती उचलतानाच म्हणायची, ऐकलं मी, पण दही पण आहे ते तू सांगितलंच नाहीस. मग पुन्हा आबांना फोन.

हॉस्टेलच्या मुलींना वाटायचं माझं कुठेतरी जमलंय. इतके फोन दुसऱ्या कशाला येणार. मी खरं सांगितलं तेव्हा तर कुणाचाच विश्वास बसला नाही.

एकदा सरांच्याच तासाला फोन आला. आवाज बंद होता, पण बाक लाकडाचा, सगळा बाक गुणगुणायला लागला. सरांनी फळ्यावरचा हात न काढता विचारलं, इतकं तातडीचं काय आहे. मी उभी राहून सांगितलं की आबांना चहाला बोलवायचं आहे. आबा कुठे आहेत? घरी. आणि फोन कुणाचा? आईचा. आई कुठे? घरी. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. तेही आमच्याच बाजूचे, त्यांना चटकन कळलं असावं. बाहेर जाऊन बोलून या, चहा निवेल, एवढंच म्हणाले.

असं ते वर्ष चाललं. थंडीत आबांना ताप येऊन छातीत कफ साचला, तेव्हा मी आठवडाभर घरी येऊन राहिले आणि मनातून धरून चालले की संपलं आपलं. ते बरे झाले, पण चालताना दम लागायला लागला. मी परत गेले तेव्हा आई म्हणाली, आखाजीपर्यंत काढू कसंतरी.

वार्षिक परीक्षा एप्रिलात होती. व्याकरणाचा पेपर दुपारचा. आदल्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की उद्या दुपारी पेपर आहे, फोन बंद राहील, संध्याकाळी मीच करीन. आबांना लावला तर त्यांचा फोन चार्जिंगला होता, उचलला नाही. आईला सांगितलंय म्हणजे झालं, असं समजून मी अभ्यासाला बसले. पुढचे चहा-जेवणाचे फोनही पुस्तकातून डोकं न काढता उरकले. कुठल्याही घरात आईला सांगितलं म्हणजे घरात सांगितलं असं होतं. आमच्या घरात तसं नव्हतं, आणि हे मी सोडून बाकी सगळं जग विसरलं असतं तर चाललं असतं.

पुढचं मला आईने नंतर सांगितलं, आणि थोडं फाट्यावरच्या चहावाल्याने, न विचारता.

दुपारी चहाच्या वेळेला फोन आला नाही, म्हणून आबांनी स्वतःच मला लावला. फोन बंद. पुन्हा लावला. त्यांच्या फोनमधली ती बाई सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी सांगत होती की हा क्रमांक बंद आहे. वर्षभरात असं कधी झालं नव्हतं. आबा उठले, आत-बाहेर केलं, पुन्हा लावला. आई चुलीजवळ उभी राहून सगळं ऐकत होती. तिला माहीत होतं की काही झालेलं नाही. तिने सुरतेला लावून बघितलं, पण कामावर असताना वडिलांकडे फोन नसायचा. मागच्या दाराने शेजारचं एखादं मूल आहे का ते बघितलं. लगीनसराई होती, सगळी गल्ली शेजारच्या गावी लग्नाला गेलेली. मग ती म्हशीजवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, आज पोरीचा पेपर आहे गं, फोन बंदच राहणार. आबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि ते निघाले. त्या वयात, त्या दमाने, एप्रिलच्या उन्हात, धुळ्याला मला बघायला.

आई मागोमाग निघाली. पदर पुढे ओढून, बरंच अंतर ठेवून. वाटेत ती बांधावरच्या निंबाशी बोलली, एका सोडलेल्या बैलाशी बोलली, कुणाच्यातरी कुंपणाशी बोलली. सगळ्यांना तिने माझ्या पेपरची बातमी दिली. आबा वळलेच नाहीत. एकदा ते छाती धरून थांबले, तेव्हा तीही थांबली. तिने मला सांगितलं की ती तिथेच बोलणार होती, पण तोंडच उघडेना. इतक्या वर्षांत ते कुलूप गंजलं होतं.

फाट्यावर बस उभीच होती. आबांनी दांडा धरला, एक पाय वर ठेवला. कंडक्टरने हात पुढे केला. आई पुढे आली, दाराशी, त्यांच्या कानापाशी, आणि बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, 'आबा, तिना आज पेपर शे. म्हनीसन फोन बंद शे. बठ्ठं ठीक शे. घर चला.'

आबांनी पाय खाली घेतला. कंडक्टरने घंटी मारली, बस गेली. दोघं धुळीत उभी. आबांनी इकडे तिकडे बघितलं, बहुधा मधे कुणी आहे का ते. मग विचारलं, 'माले काब्र नही सांगं?'

आई म्हणाली, 'कसं सांगू आबा. सांगनारी तठे शे, धुळ्याले.'

चहावाल्याने त्यांना पाणी दिलं. परत येताना आबा पुढे आणि आई मागे, पण आबा मधून मधून थांबत होते आणि ती बरोबरीला आल्याशिवाय पुढे निघत नव्हते. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं की पेपर कशाचा आहे. आई म्हणाली, इंग्रजीचा. कठीण असतो का, आबांनी विचारलं. 'तिले नही,' आई म्हणाली. आयुष्यात ती माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणाशी बोलली असेल तर ते पहिल्यांदा आबांशी.

मी त्या वेळी परीक्षेच्या हॉलमध्ये अंगठ्याने 'दॅट' झाकून वाक्यं पुटपुटत होते. सुपरवायझरला माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं असणार.

संध्याकाळी फोन सुरू केला तर आबांचे कॉल नुसते ओळीने. घाबरून आईला लावला. ती शांत. पेपर कसा गेला, जेवलीस का, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, थांब, आधी आबांना जेवायला बोलावते. ती म्हणाली, जेवले ते. मी विचारलं, कुणी बोलावलं? ती म्हणाली, 'मी.'

मी फोन ठेवला आणि हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसून रडले. आनंदाने, असं लोकांना सांगते. खरं सांगायचं तर आनंद होताच, पण त्याच्याइतकंच काहीतरी दुसरंही होतं. माझं घरातलं काम कुणीतरी न विचारता काढून घेतलं होतं. आणि भीती होती. इतकी वर्षं त्या दोघांनी एकमेकांना माझ्या जिभेवरून ऐकलं होतं, गोड करून. आता खरं ऐकतील. आईचं तिखट आबांना कळेल, आबांचं आईला. एकदा का दोघं चिडून गप्प बसली की मग मला बोलावणारच, आणि त्या वेळी परत जाण्यावाचून इलाज राहणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन कमी झाले. जे यायचे ते माझ्यासाठीच यायचे.

आखाजीला मी घरी गेले. वडील सुरतेहून आले होते. ओट्यावर आंबे पसरलेले, पलीकडच्या झाडाला झोके बांधलेले, सासरहून आलेल्या मुलींचा गल्लीत दंगा. आमच्या घरात मात्र जेवणं झाल्यावर कुणी झोक्याकडे गेलं नाही, कारण वर्ष संपलं होतं आणि ठरल्याप्रमाणे विचारायचं होतं. आबा ओट्यावर, वडील पायरीवर. आई आत, दाराच्या चौकटीला टेकून, पदर घेऊन, नेहमीच्या जागी. मी मधल्या उंबऱ्यावर, तीही माझी नेहमीची जागा. तिथून दोन्हीकडे पटकन उठता यायचं.

वडील म्हणाले, आता पुढचं काय ते ठरवा. सवयीने त्यांनी माझ्याकडे बघितलं. सवयीनेच मी उठले, आईला विचारायला.

'तू बस,' आबा म्हणाले. मग त्यांनी खाटेवरच अंग वळवलं आणि थेट चौकटीकडे बघून विचारलं, 'काय माय, जाऊ देवूत का तिले?'

वडिलांच्या हातातला आंबा तसाच राहिला. त्यांनी जन्मात आबांना आईशी बोलताना ऐकलं नव्हतं. मी उभीच होते, धड आत नाही धड बाहेर नाही.

आईने पदर सारखा केला. 'जाऊ द्या, आबा,' ती म्हणाली. 'आपन बोली लेसूत.'

एवढंच. आबांनी मान हलवली आणि वडिलांना म्हणाले, आंबा खा, रस गळतोय.

पुढे मी धुळ्यातच बी.ए. झाले, एम.ए. झाले, नोकरीला लागले. आबा अजून बरीच वर्षं होते आणि ती सगळी वर्षं दोघं बोलत होती. मिठावरून, चिखलावरून, म्हशीवरून, मी ज्या ज्या गोष्टी गोड केल्या होत्या त्या सगळ्यांवरून. आई म्हणायची, आबा भांडायला फार चांगले. आबा गेले तेव्हा घरात सगळ्यात जास्त रडली ती आई, आणि गावातल्या बायकांना त्याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही. मला एवढंच वाईट वाटलं की त्यांना इतका उशीर झाला.

पण मला जास्त आठवते ती त्या सुटीनंतरची सकाळ, मी पुन्हा धुळ्याला निघाले तेव्हाची. मला सोडायला दोघंही फाट्यावर आली. माझी पिशवी आबांकडे, डबा आईकडे. आबांचं म्हणणं होतं की लोणच्याची बरणी पिशवीत आडवी ठेवली तर तेल सांडणार. आईचं म्हणणं होतं की तिने कापड बांधलंय आणि आबांनी कधी आयुष्यात बरणी भरली आहे का. आबा म्हणाले, भरली नाही, पण सांडलेली खूप बघितली. मी दोघांच्या पाया पडले. दोघांनी एकाच वेळी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एकमेकांकडे बघत बरणीचं बोलणं पुढे चालू ठेवलं. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले आणि हात बाहेर काढून हलवला. दोघांचंही लक्ष नव्हतं. बस वळेपर्यंत मी बघत होते. आबा काठीने हवेत बरणी कशी ठेवायची ते दाखवत होते, आणि आई डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलाय हे विसरून त्यांना काहीतरी समजावून सांगत होती.